बेलटेकले गाडी थांबत नाई

रेल्वेले शिव्या देन्यात आमच्या भागात माह्या हात धरनारा कोनी नाई. पुलगावच्या मिलीत होतो तेव्हा भोंग्याले शिव्या देत जावो, अन् म्हातारपनी ही पॅसेंजर वाट्याले आली. मी नत्थूजी, राहनार बेलटेक. पुलगाव अन् वर्धेच्या मधात आमचं गाव आहे. गावाच्या नावाची एक पाटी, एक बोरीचं झाड अन् पत्र्याची टपरी, एवढंच आमचं टेसन. हाल्ट म्हनते त्याले. फलाट नाई. गिट्टीवर उभं राहून डब्याचा दांडा धरा अन् स्वतःले वर ओढा. माह्या टोंगळ्यांची, म्हनजे गुडघ्यांची, वाट तिथंच लागली.

आता या वयात मले रोज वर्धेले कायले जा लागे, त माह्या नातीसाठी. सुरभी. माह्या पोराची, धनंजयची पोरगी. तिले जन्मापासून ऐकू येत नाई. पाच वर्षांची होईपर्यंत आमी म्हनत राह्यलो, बोलन, काही पोट्टे उशिराच बोलते. आमच्या बुढीनं, माह्या बायकोनं, आनंदाबाईनं, नवस बोलाचा एक देव सोडला नाई. मंग वर्धेच्या डाक्टरनं कान तपासले अन् मुक्या-बहिऱ्या लेकरांच्या शाळेचा पत्ता देल्ला. सत्त्यान्नव साल होतं ते. धनंजय अन् सून दिवसभर वावरात, मी घरी रिकामा. म्हनलं, मी नेतो. सकाळच्या पॅसेंजरनं जाचं, शाळा सुटेपर्यंत शाळेच्या पटांगनात सावलीले बसाचं अन् संध्याकाळच्या गाडीनं वापस. याले आमच्याकडे अपडाऊन म्हनते. लोक नोकरीसाठी करते, मी नातीसाठी केलं.

शाळेतल्या बाई सुरभीचा हात आपल्या गळ्यावर ठेवत अन् बोलत. गळा थरथरला का पोरीले समजे, आतून काहीतरी येते. मंग तोच हात तिच्या स्वतःच्या गळ्यावर. वर्षभर नुसती हवा निघाली. अन् एक दिवस मी पटांगनात डोळा लावून बसलो होतो, त मांगून आवाज आला, "आबा." जाडा आवाज, वाकडातिकडा, पन आबाच. मांगं वळून पाह्यलं त सुरभी, गळ्यावर हात ठेवून उभी. माय वो! एवढा म्हातारा मानूस, पन चार लोकांसमोर रडलो, अन् लाज वाटली नाई.

बाई म्हनाल्या, "आजोबा, हिचा आवाज निघतो आहे. आणखी चार-पाच वर्षं रोज आणा. खाडा करू नका. या वयात सुटलं तर पुन्हा हाती लागत नाही."

मी म्हनलं, "बाई, माह्या तेरवीच्या दिवशीबी ही शाळेत येईन." तेव्हा मले वाटे का आडवं आलं त माहं मरनच येईन.

आता त्या गाडीचं ऐका. पॅसेंजर म्हनजे सवतीचं लेकरू. मांगून मेल आली का ही बाजूले. एक्सप्रेस आली का ही बाजूले. कोळशाची मालगाडी आली तरी हीच बाजूले. वर्धेच्या सिग्नलबाहेर एकदा उभी राह्यली का म्हशीवानी बसकनच मारे. पंखे बंद, नळाले पानी नाई, दारात दुधाच्या कॅना अन् बाकांच्या मधात पत्त्यांचा डाव. उशीर झाला का हाफिसवाल्यांची अर्धी सुट्टी कटे अन् सुरभीचा पहिला तास जाय. गळ्याचा तास तोच. मी खिडकीतून मुंडकं काढून अशा अशा शिव्या हासडो का गार्डबी कौतुकानं पाहे.

तिसऱ्या डब्यात आमची मंडळी राहे, पुलगावहून बसून आलेली. प्रभाकरराव वर्धेच्या बँकेत होते. घरचं कापडाचं दुकान त्यायचा भाऊ पाहे, हे नोकरीवाले. पासवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्षबी तेच. योगेंद्र तहसीलीत नवा लागलेला पोरगा, तोंडानं तिखट, मनानं गुळाचा खडा. अन् रीता, दवाखान्यात नर्स. बेलटेक आलं का योगेंद्र दारातून हात दे. आधी सुरभीले उचले, मंग मले ओढे अन् म्हने, "आबाजी, उलीसं कमी खात जा न." खिडकीजवळची जागा सुरभीची. तिथं कोनी बसला त प्रभाकररावसारखा थंड मानूसबी कावे.

सुरभीनं सगळ्यायचे नावं हातानं ठेवले होते. पोटावर हात फिरवला का प्रभाकरराव. कपाळावर बोट टेकवलं का रीता. योगेंद्रले तिनं मिशी पिळून दाखवली. त्या बिचाऱ्याले मोजून चार केस होते, डबा असा हासला का बस. पाहता पाहता अख्खा डबा हातानं बोलाले लागला, पत्तेवालेबी. गावात पोट्टे तिच्या मांगं "मुकी, मुकी" करत फिरत, अन् इथं मोठाले साहेब लोक तिच्यासंगं हात हालवून गप्पा मारत. मले त वाटे, गावापरीस हा डबाच पोरीचं घर होय.

गाडी अडकली का सुधारनेच्या गोष्टी निघत. रीता म्हने, बायकांचा डबा वेगळा द्या अन् त्याले आतून कडी द्या. योगेंद्र म्हने, पासवाल्यांसाठी दोन डबे वाढवा. कोनी म्हने, गाडी पुलगावहूनच आधी सोडा. मी म्हनो, "मालगाडीले थांबवा ना! कोळशाले कोनतं हाफिस गाठाचं आहे?" सगळे हासत, प्रभाकरराव हासत नसत. ते म्हनत, "नत्थूजी, तुम्ही बरोबर बोलून राह्यले. पण डब्यात बोलून काय होते? साहेबासमोर मांडा लागते."

अन् त्या मानसानं मांडलं. सुट्ट्या काढकाढून नागपूरच्या मोठ्या साहेबाकडे चकरा मारल्या. एकदा आमी सगळ्यायनं वर्धेच्या फलाटावर घोषना देल्या, 'पॅसेंजर टायमावर चालवा.' मी सुरभीले खांद्यावर घेतलं होतं. लोकायचे हात वर गेले का तिनंबी मूठ वर करावी, अन् मंग माह्या टकलावर तबला वाजवावा. पोरगी खुश होती. मीबी होतो.

प्रभाकररावचा आनखी एक गुन होता, कोनाले नाई म्हनता येत नसे. बेलटेकच्या टपरीत महादेवराव तिकिटं विके. तो रेल्वेचा नोकर नाई, कमिशनवर बसलेला. सुरभीचा अन् माहा सवलतीचा पास त्याच्याकडे भेटत नसे, पुलगावलेच काढा लागे. मले हेलपाटा नको म्हून प्रभाकररावच दर महिन्याले काढून आनत. ते पाहून आमच्या गावचे दूधवाले म्हनाले, साहेब, आमचाबी आना न. मंग कॉलेजचे पोरं म्हनाले. प्रभाकरराव सगळ्यायचे आनत. पुलगाव ते वर्धा पास, बेलटेक त मधात येतेच, काही बिघडत नाई. महादेवराव तेवढा कुरकुर करे, "नत्थूजी, माह्या टपरीत एक तिकीट फाटत नाई आता."

मी म्हनो, "मंग झोप न बावा निवांत. कोन उठवते तुले?"

दोन हजार एकच्या जूनमधे प्रभाकरराव पेढे घेऊन गाडीत चढले. साहेबानं मानलं होतं. जुलैच्या पहिल्या सोमवारपासून नवं टाइमटेबल, गाडी हाफिसाच्या टायमाआधी वर्धेले लागनार. योगेंद्र मधात उभा राहून नाचला. रीताच्या डोळ्यात पानी आलं, कारन उशिरापायी तिची वरची बाई रोज तिले चार लोकांत बोलत होती. पहिला पेढा प्रभाकररावनं सुरभीच्या तोंडात कोंबला. मी दोन खाल्ले, साखर असून खाल्ले. पोरीले हातानं समजावून सांगतलं, आता गाडी लवकर, शाळा लवकर, गळ्याचा तास रोज. ती गळ्यावर हात ठेवून म्हनाली, "शाया." म्हनलं, शाया त शाया, आपल्या खेड्यात सगळे तसंच म्हनते.

त्या सोमवारी आमी हाल्टवर उभे होतो. गाडी टायमावर दिसली. मी महादेवरावले म्हनलं, "पाह्य! याले म्हनते संघटना." सुरभीनं दप्तर पाठीवर घेतलं अन् माहा हात धरला. गाडीनं लांबूनच शिट्टी मारली. मी वाट पाहून राह्यलो का आता हळू होते, आता होते. ती झालीच नाई. धाडधाड करत आमच्या समोरून निघून गेली. तिसऱ्या डब्याच्या दारात योगेंद्र हात पुढं करून उभा होता, तो तसाच गेला.

मंग पुढं चाकं करकरले. योगेंद्रनं साखळी ओढली होती. आमी गिट्टीवरून पळत सुटलो, सुरभी पुढं अन् मी धापा टाकत मांगं. डब्यात सगळे म्हनाले, ड्रायव्हर नवा असन, विसरला असन. मीबी ड्रायव्हरच्या खानदानाचा उद्धार करून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी तेच. साखळी ओढल्यावर गार्ड स्वतः डब्यात आला अन् म्हनाला, "बेलटेक हाल्ट बंद झाला भाऊ. नव्या टाइमटेबलात नाही. वेळ काय आकाशातून येते काय?"

महादेवरावलेबी कोनी कळवलं नव्हतं. पत्तेवाल्यायनं पत्ते खाली ठेवले. प्रभाकरराव खिडकीबाहेर पाहत राह्यले. सुरभी तेवढी एकेकाच्या तोंडाकडे पाहून हातानं विचारत होती, काय झालं?

काही दिवस साखळीवर काढले. आज योगेंद्र ओढे, उद्या दुसरा कोनी. एक दिवस रीतानं ओढली. पन साखळीचं किती दिवस चालन? पोलीस डब्यात बसाले लागले. योगेंद्र सापडला, त्याच्या हाफिसात कागद गेला अन् साहेबानं त्याले बोलावून सांगतलं, अजून एकदा असं झालं त नोकरी जाईन. घरी म्हातारी माय, लग्नाची बहीन. तो माह्याजवळ येऊन बसला अन् म्हनाला, "आबाजी, मी काय करू? सांगा तुम्ही, मी तसं करतो." म्या काय सांगाव? त्याच्या पाठीवर हात ठेवला अन् म्हनलं, नोको ओढू बाबू. मले त्याच्यावर राग काढाचा होता, पन निघालाच नाई.

एका रविवारी प्रभाकरराव घरी आले. ओसरीवर बसले, पान्याचा लोटा हातात धरला अन् पेलेच नाई. म्हनाले, "नत्थूजी, साहेबानं मले विचारलं होतं, वेळ पाहिजे त एखादा हाल्ट कमी करा लागते, चालन का? मी म्हटलं, जिथं कोणी चढत नाही तो करा. मले वाटलं, असन कुठलातरी आडवळणाचा. त्यायनं तिकिटं पाहिली. बेलटेकले तिकीटच फाटत नाही."

"फाटन कसं?" मी म्हनलं.

"तेच तर. तुमच्या गावाचे सगळे पास मीच पुलगावहून काढत होतो न." एवढं म्हनून तो मोठा मानूस माह्या ओसरीवर लेकरावानी रडला.

करायले गेलो गनपती अन् झाला मारुती. दुसरा कोनी असता त मी त्याले गावकुसाबाहेर हाकलून देल्लं असतं. पन याच मानसानं माह्या पोरीले पहिला पेढा खाऊ घातला होता. आनंदाबाई आतून चहा घेऊन आली. तिनं म्हनलं, "घ्या भाऊ, तुमी का जानून केलं?" मंग तीबी पदर तोंडाले लावून आत गेली. प्रभाकररावनं त्याच्यानंतरबी अर्ज केले, नागपूरले गेले, साहेबाच्या पाया पडले म्हनते. साहेब म्हने, तिकीटविक्री दाखवा. आता हाल्टच बंद, टपरीले कुलूप, त विक्री कुठून दाखवाव?

मी हार मानली नाई. सुरभीले सायकलवर मांगं बसवून पुलगावले नेत जावो, तिथून गाडी. उन्हाळा असता त निभलं असतं. पन पावसाळा, काळ्या मातीचा रस्ता. चिखल चाकात असा भरे का सायकल उचलून नेली तरी जड. एस.टी. दहाले येय, तोपर्यंत शाळेचा अर्धा दिवस जाय. एक दिवस नाल्याच्या उतारावर सायकल घसरली. सुरभी चिखलात पडली, तिले काही झालं नाई. माहं खुब्याचं हाड मोडलं. धनंजयनं कामं सोडून काही दिवस नेलं, पन पेरनी झालेली, डवरनी-खुरपनी तोंडावर, सुनेच्या अंगावर लहान पोट्टं. वर्धेच्या शाळेत पोरीयले ठेवून घेत नसत. नागपूरच्या एका वसतिगृहात ठेवून पाह्यली, त पोरगी जेवेच ना. तापानं फनफनलेली वापस आनली. तिले कसं सांगाव का आमी तुले टाकून नाई देल्लं? एवढ्या मोठ्या गोष्टीले आमच्याकडे हातच नव्हते.

अशी शाळा सुटली.

आधी आधी घरी ती गळ्यावर हात ठेवून आवाज काढे. मी खाटेवर पडल्या पडल्या तिचा हात माह्या गळ्यावर ठेवो अन् बोलो. पन मी का बाई होतो? माहा आवाज त शिव्या देऊन देऊन फाटलेला. दिवाळीपर्यंत 'शाया' गेलं. संक्रांतीपर्यंत 'आबा' नुसती हवा झाली. ओठ हालत, आतून काही येत नसे. मी तिच्यासमोर हासो, शाबासकी देवो अन् तिनं पाठ फिरवली का रडो.

खुबा जुळल्यावर मी काठी घेऊन चालाले लागलो. तेव्हा सून म्हनाली, "मामाजी, सुरभी रोज सकाऊन दप्तर घेऊन हाल्टवर जाते. कितीबी अडवा, ऐकत नाई." मले कोनी सांगतलं नव्हतं, माहा जीव जळन म्हून. दुसऱ्या दिवशी मी तिच्या मांगं मांगं गेलो.

ती पाटीखाली उभी होती. वेनी घातलेली, शाळेचा ड्रेस आखूड झालेला. गाडीचा आवाज मले आला, तिले नाई, पन तिनं रुळाकडे पाहून वळखलं. तिनं दप्तर खाली ठेवलं. दोन्ही हातानं आपले कान धरले अन् उठाबशा काढाले लागली. शाळेत काही चुकलं का बाई असंच करा लावत. घरीबी आनंदाबाई तिले तेच करा लावे, अन् झालं का जवळ घे. गाडी समोरून जाऊन राह्यली होती अन् माही पोरगी कान धरून खाली बसे, उठे, खाली बसे, उठे. तिसऱ्या डब्याच्या खिडकीत रीता दिसली. तिनं तोंडावर हात दाबला होता. प्रभाकरराव उभे झाले होते. गाडी गेली.

मी काठी टेकत टेकत जाऊन तिले पोटाशी धरलं. तिनं मले बाजूले सारलं. हातानं विचारलं. आधी पोटावर हात फिरवला, कपाळावर बोट टेकवलं, मिशी पिळली. मंग गाडी गेली तिकडं बोट दाखवलं अन् तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. माह्यावर रागावले का? मी काय केलं?

मी मान हालवली, नाई बेटा, नाई. तिले ते पटलं नाई. रागावले नाई त थांबत काऊन नाई? टाइमटेबल हातानं कसं सांगते, विक्री कशी सांगते, चांगल्या मानसायच्या हातून असं होते हे कसं सांगते? मले येत नव्हतं. मी अख्ख्या रेल्वेले शिव्या देऊ शकलो असतो, पन त्या तिले ऐकू गेल्या नसत्या.

दुसऱ्या दिवशी मी तिले अडवलं नाई. संगं गेलो. म्हनलं, आज डब्यातले लोक हात दाखवतीन, हासतीन, पोरीची समजूत पटन. आभाळ साफ होतं, ऊन पडलं होतं. गाडी आली. पहिल्या डब्याच्या खिडक्या उघड्या, दुसऱ्याच्या उघड्या. तिसऱ्या डब्याच्या आमच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या खाली ओढलेल्या होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यायच्यानं पाहवत नसन, मले समजलं. मले समजलं हो.

सुरभीनं त्या बंद खिडक्या पाह्यल्या. मंग माह्याकडे पाह्यलं, पाह्य, मी म्हनत नव्हती? अन् ती आनखी जोरानं उठाबशा काढाले लागली. गाडी वर्धेकडे दिसेनाशी झाली तरी थांबे ना. मी काठी फेकली, खाली बसलो अन् तिचे हात तिच्या कानावरून काढले. तिनं ते सोडवून घेतले अन् पुन्हा कान धरले.